छातीत लूप रेकॉर्डर बसवलाय, आता नानांनी काय करायचं आणि काय नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचे वडील, म्हणजे नाना, वय ६१, केळी आणि कापूस करणारे शेतकरी. आठ महिन्यांत दोनदा बेशुद्ध होऊन पडले. एकदा रात्री शेतातली पाण्याची मोटर सुरू करायला गेले तेव्हा, दुसऱ्यांदा लग्नाच्या पंगतीतून उठताना. ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी), होल्टर (२४ तास अंगावर लावून ठेवायचा ईसीजी), डोक्याचं स्कॅन, सगळं नॉर्मल. म्हणून गेल्या महिन्यात डॉक्टरांनी छातीच्या कातडीखाली लूप रेकॉर्डर नावाचं एक छोटं यंत्र बसवलं. तेव्हापासून घरात सगळे धास्तावलेत. मोबाईल जवळ चालतो का, शॉक बसतो का, डाव्या कुशीवर झोपायचं का, लाईट गेली तर काय, उन्हात तापेल का, चैत्रात वणीला पायी जायचं तर काय. शिवाय ताईंच्या मामांना धुळ्यात लकव्यानंतर तसंच यंत्र बसवलंय, त्यांना तर चक्कर कधी आलीच नव्हती, मग ते का?

ताई, तुमचा प्रश्न वाचताना आधी हसू आलं, मग काळजी वाटली. नानांनी मोबाईल खिशात ठेवणं सोडलं, आईंनी मिक्सर मागच्या पडवीत नेऊन ठेवला, नातवाला आजोबांच्या छातीवर डोकं ठेवू देत नाहीत, इथवर हसू. पण शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'फटफटीवर शेतात जातात, तेवढं मात्र ऐकत नाहीत.' तिथे माझं हसू थांबलं. मिक्सरने नानांचं काही बिघडणार नाही. मोटारसायकलने बिघडेल. तुमच्या घरातली भीती चुकीच्या जागी जाऊन बसली आहे, आणि ती उचलून योग्य जागी ठेवायला मला जरा लांबण लावावी लागेल.

मी डॉक्टर नाही, हे आधी सांगून टाकतो. जळगावात कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी, पेसमेकर वगैरे करतात त्या खोलीत, तंत्रज्ञ म्हणून अठरा वर्षं झाली. ही यंत्रं बसवताना मी टेबलाच्या बाजूला उभा असतो आणि नंतर त्यांतल्या नोंदी काढून वाचतो. औषधगोळ्यांचं नानांच्या डॉक्टरांना विचारा, यंत्राचं मी सांगतो.

पहिली गोष्ट, हा पेसमेकर नाही. गावात 'छातीत मशीन बसवलं' म्हटलं की सगळ्यांना पेसमेकरच आठवतो, कारण प्रत्येक गावात एखाद्याकडे तो असतोच. नेहमीच्या पेसमेकरची तार हृदयाच्या आत जाते आणि तो गरज पडली की ठोका देतो. लूप रेकॉर्डरला तारच नाही. हृदयापर्यंत तो पोहोचतही नाही. डाव्या बाजूला, छातीच्या मधल्या हाडाजवळ, कातडी आणि बरगड्या यांच्या मधे तो नुसता पडून असतो. नानांच्या छातीवर बोट फिरवलं तर लागेल: टीव्हीच्या रिमोटमधला बारीक सेल असतो ना, जवळपास तेवढी लांबी, पण चपटा. प्रचलित मॉडेलपैकी एकाचं वजन अडीच ग्रॅम आहे. बसवायला जागा बधिर करून एक सेंटिमीटरपेक्षाही लहान काप घेतात आणि दहा-पंधरा मिनिटांत पेशंट स्वतःच्या पायांनी बाहेर येतो. तो शॉक देत नाही, ठोका देत नाही, औषध सोडत नाही. चोवीस तास ईसीजी बघत राहतो आणि ठरवून दिलेल्या गोष्टी दिसल्या की तेवढा तुकडा जपून ठेवतो.

मी पेशंटना सांगतो, हा तलाठी आहे, जागल्या नाही. गारपीट झाली की पंचनामा करील, पण गारपीट थांबवणार नाही. त्यामुळे 'यंत्र बसवलं, आता नाना सुरक्षित' असं समजू नका. यंत्र बसवण्याच्या आदल्या दिवशी त्यांना पडण्याचा जेवढा धोका होता तेवढाच आजही आहे. फरक एवढाच की पुढच्या वेळी काय झालं हे कळेल.

मग होल्टर नॉर्मल कसं आलं, हे तुम्ही विचारलंय. आठ महिने म्हणजे साधारण २४० दिवस. त्यात नाना दोनदा पडले, आणि होल्टर लावलं एक दिवस. त्या एका दिवशी पडले असते तर लॉटरीच म्हणायची. बहुतेकांचं होल्टर नॉर्मल येतं ते याच कारणाने. ते खोटं नसतं, त्या दिवशी काही घडलेलं नसतं इतकंच. लूप रेकॉर्डर मॉडेलप्रमाणे २ ते ५ वर्षं चालतो, म्हणून तो वाट पाहू शकतो.

मामांचं प्रकरण वेगळं आहे, ते दोन ओळींत सांगतो. लकवा झाला, सगळ्या तपासण्या करूनही गुठळी कुठून आली ते सापडलं नाही, की डॉक्टरांना एक संशय राहतो: हृदयाच्या वरच्या कप्प्याची लय अधूनमधून बिघडते का? तिला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. ती येते आणि जाते, पेशंटला कळतही नाही, पण त्या काळात कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या क्रिस्टल एएफ या अभ्यासात अशा ४४१ पेशंटांचे दोन गट केले होते. सहा महिन्यांत नेहमीच्या पद्धतीने १.४ टक्के लोकांत ही लय सापडली, यंत्र बसवलेल्यांत ८.९ टक्के, तीन वर्षांनी हाच आकडा साधारण ३ विरुद्ध ३० टक्के झाला. सापडली की बहुधा रक्त पातळ ठेवण्याची वेगळी गोळी सुरू होते. म्हणजे मामांना चक्कर येण्याची वाटच बघायची नाही, त्यांच्या यंत्राने मुकाट्याने शोधत राहायचं आहे. नानांच्या बाबतीत मात्र यंत्राला तुमची मदत लागणार आहे.

ती मदत म्हणजे बटण आणि वही.

यंत्रासोबत किल्लीच्या रिमोटसारखं एक बटण मिळालं असेल, किंवा मोबाईलमध्ये ॲप टाकून दिलं असेल. नानांना चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, पडले, धडधडलं, की शुद्धीवर आल्यावर ते छातीवर यंत्राच्या जागी धरून दाबायचं. ॲप असेल तर त्यातली खूण दाबायची. 'आता दाबून काय उपयोग, चक्कर तर येऊन गेली' असं सगळेच म्हणतात. उपयोग आहे, कारण यंत्र मागची काही मिनिटं कायम धरून ठेवत असतं आणि दाबलं की ती मागची मिनिटं पक्की करतं. म्हणूनच त्याला लूप म्हणतात, रहाटगाडग्यासारखं जुनं रिकामं होतं, नवं भरतं. पण तासाभराने दाबलं तर ती मिनिटं ओतली गेलेली असतात. नाना स्वतः दाबू शकले नाहीत तर शेजारच्याने दाबावं. सालदाराला, शेजारच्या मळ्यातल्या माणसाला, आईंना, सगळ्यांना एकदा करून दाखवा. आणि ते बटण देव्हाऱ्यात ठेवू नका. हसू नका, मी स्वतः पाहिलंय: नवीन वस्तू म्हणून हळदकुंकू लावून बटण देवाजवळ आणि पेशंट चार किलोमीटरवर शेतात. त्याची जागा नानांच्या बंडीच्या खिशात.

उलट टोकही सांगतो. काही पेशंट भीतीपोटी दिवसातून दहा वेळा दाबतात. ढेकर आली, दाबलं. या यंत्राची साठवण छोटी आहे. एका प्रचलित मॉडेलमध्ये पेशंटने दाबलेल्या नोंदींसाठी मिळून अर्ध्या तासाची जागा असते. ती भरली की जुनी नोंद पुसून नवी बसते. उशाशी ठेवायच्या मॉनिटरने मधे दवाखान्यात माहिती पाठवली असेल तर ठीक, नाहीतर खऱ्या चक्करीची नोंद ढेकरांखाली गाडली जाते.

आता वही. यात माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो, म्हणजे ती का महत्त्वाची ते कळेल. बऱ्याच वर्षांपूर्वी पारोळ्याकडचे एक काका होते. सांगायचे, "डोयासमोर अंधारी उनी, मंग काय व्हयनं याद नही." बटण दाबायला विसरले, पण मुलाने वहीत नीट लिहून आणलं होतं: पहाटे ५ वाजून ५ मिनिटं, गोठ्यात पडले. मी यंत्रातल्या नोंदी काढल्या. पाच वाजून पाच मिनिटांच्या आसपास काहीच नाही. त्याच पहाटे ४:४२ ला मात्र एक नोंद होती, नऊ सेकंद ठोका नाही. मला वाटलं, हे झोपेतलं. झोपेत काही जणांचे ठोके बरेच मंदावतात, मधे थांबाही येतो, आणि त्याला दर वेळी महत्त्व नसतं. मी डॉक्टरांना तसंच सांगितलं: झोपेत थांबा आहे, पडले त्या वेळी लय ठीक होती. पुढच्या भेटीला काकू सोबत आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, पहाटेची एसटी चुकू नये म्हणून घरातलं घड्याळ नेहमी वीस-पंचवीस मिनिटं पुढे असतं. मी हातातला चहा खाली ठेवला. पाच-पाच नव्हतेच, चार-बेचाळीस होते. काका झोपेत नव्हते, गोठ्यात उभे होते, आणि त्यांचं हृदय नऊ सेकंद थांबलं होतं. त्याच आठवड्यात पेसमेकर बसला, नंतर ते पडले नाहीत. पण त्या चुकीच्या दोन महिन्यांत ते कुठे विहिरीच्या काठावर असते तर, हा विचार मला अजून सोडत नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला पहिला प्रश्न विचारतो: तुमच्या घरचं घड्याळ किती पुढे आहे?

म्हणून वहीत वेळ मोबाईलवरची लिहा. सोबत हे: काय करत होते (उठत होते, लघवीला उभे होते, जेवून उठले, खोकत होते, ओझं उचललं), आधी घाम-मळमळ-गरगरलं का एकदम दिवा विझल्यासारखं झालं, चेहरा पांढरा पडला की निळसर, डोळे उघडे होते का, हातपाय झटकले का, जीभ चावली का, लघवी झाली का, किती वेळाने ओळखीचं बोलले. हातपाय झटकले म्हणजे फेफरंच असं नाही, मेंदूला रक्त कमी पडलं तरी काही सेकंद झटके येतात. शक्य असेल तर कुणीतरी मोबाईलवर शूटिंग करावं. नानांना वाईट वाटेल, पण तो तीस सेकंदांचा व्हिडिओ डॉक्टरांना शंभर प्रश्नांपेक्षा जास्त सांगतो.

आणि पडल्यावर आपल्याकडे जे करतात ते करू नका. चप्पल किंवा कांदा हुंगवतात, तोंडात पाणी ओततात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चार जण मिळून उचलून खुर्चीवर बसवतात. रक्तदाब पडलेल्या माणसाला बसवलं की डोक्याकडे रक्त आणखी कमी जातं. आडवंच ठेवा, पाय वर धरा, गर्दी हटवा. श्वास चालत नसेल, हाक मारून हलवूनही प्रतिसाद नसेल, तर छाती दाबायला सुरुवात आणि १०८ ला फोन. यंत्र कुणाला फोन करत नाही. त्याची माहिती दवाखान्यात बहुधा रात्री पोहोचते आणि कामाच्या वेळेत माणूस बसून वाचतो. छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, पडून मार लागणं, यांतलं काहीही झालं तर 'मॉनिटरमध्ये दिसेल' म्हणून थांबायचं नाही.

मॉनिटर म्हणजे तो उशाशी ठेवायला दिलेला डबा. तो रात्री, नाना झोपलेले असताना, छातीतल्या यंत्राकडून नोंदी ओढून घेतो आणि मोबाईलच्या नेटवर्कवरून पाठवतो. दोन-एक मीटरच्या आत असावा. लाईट गेली तर काही बिघडत नाही, नोंदी छातीतच राहतात, लाईट आली की जातात. चार दिवस लग्नाला गेलात आणि मॉनिटर घरी राहिला तरी आकाश कोसळत नाही. खरा घोटाळा वेगळाच होतो. दोन महिने एखाद्या पेशंटची माहितीच येत नाही, आम्ही फोन करतो, आणि कळतं की त्या प्लगला मच्छरांचं मशीन लावलंय. दर दुसऱ्या घरची ही गोष्ट. त्यासाठी वेगळा बोर्ड काढून घ्या. ॲपवाला प्रकार असेल तर ज्या मोबाईलमध्ये ॲप आहे तो नानांच्याच खाटेजवळ हवा, ब्लूटूथ चालू, रिचार्ज भरलेला. नातवंडं 'फोन स्लो झाला' म्हणून सगळी ॲप बंद करतात किंवा बॅटरी वाचवण्याचं काहीतरी चालू करतात, की ॲप गप्प. सातपुड्याच्या पायथ्याला नेटवर्कची बोंब असते. तिकडच्या पाड्यांवरच्या पेशंटना आम्ही खिडकीजवळ खाट घ्यायला सांगतो, तेही जमलं नाही तर ठरावीक दिवसांनी दवाखान्यात येऊन नोंदी काढून न्यायच्या. तुमच्या गावात फोन लागतो म्हणजे अडचण नसावी.

आता विजेच्या वस्तू. मिक्सर, टीव्ही, फ्रीज, पंखा, गिझर, शेतातली मोटर, सगळं वापरा. मोबाईलवर बोला. फक्त मोबाईल अगदी छातीवरच्या त्या जागेवर ठेवून झोपू नका, शर्टाच्या डाव्या खिशाऐवजी उजव्या खिशात ठेवा. इंडक्शनच्या शेगडीला छाती टेकवून उभं राहू नका, डीजेच्या स्पीकरपासून जरा लांब बसा, वेल्डिंग करणाऱ्यापासून दूर राहा, आणि बाजारात 'रक्ताभिसरणासाठी' विकतात त्या चुंबकाच्या गाद्या आणि पट्टे आणू नका. हे सगळं कशासाठी? नानांना धोका म्हणून नाही. नोंदीत खरखर शिरते म्हणून. पेसमेकरच्या बाबतीत खरखर झाली तर तो फसून ठोका देणं टाळू शकतो, तिथे काळजी खरी असते. इथे फार तर आमचा कागद खराब होतो. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन चालतं. एमआरआयही आताच्या यंत्रांना ठरावीक अटींवर चालतो, पण आधी यंत्रासोबत मिळालेलं ओळखीचं कार्ड दाखवा आणि आम्हाला कळवा, कारण त्याआधी नोंदी काढून घ्याव्या लागतात. कुठलंही ऑपरेशन ठरलं किंवा फिजिओथेरपीत वीज देऊन शेकायचं म्हणाले, तरी कार्ड दाखवायचं. ते कार्ड पाकिटात ठेवा, कपाटात नको. विमानतळावरच्या दारातून जाता येतं.

डाव्या कुशीवर झोपायचं का? झोपा. हात वर करा, केळीचं लोंगर सोडून बाकी ओझंही उचला. पेसमेकरला सुरुवातीला हात वर करू देत नाहीत, कारण तार सरकेल. इथे तारच नाही. जखम भरेपर्यंतचे दिवस तेवढे जपायचे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पारा ४४-४५ ला जातो, घामाने पट्टी भिजते, मग कुणीतरी हळद भरतं, कुणी तेल लावतं. काही लावू नका. सैल सुती बनियन, कोरडी जागा. खाज सुटेल, ती जखम भरण्याची असते. लाल होऊन गरम लागू लागली, पाणी किंवा पू आला, ताप आला, किंवा यंत्राचं टोक कातडीतून वर डोकावतंय असं वाटलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दाखवा. नानांना सारखं चाचपून बघायची सवय लागली असेल तर मोडा.

उन्हात यंत्र तापत नाही. ते शरीराच्या आत आहे, शरीराएवढंच गरम राहतं. तापतात ते नाना. वैशाखात सकाळी चहावर बागेत गेलेला माणूस अकरापर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही, घाम निथळतो, त्यात रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारा भाग असेल तर उभं राहताच रक्तदाब कोसळतो. अशी चक्कर यंत्राच्या कागदावर अगदी स्वच्छ दिसते: ठोके नियमित, थोडे जलद, लय ठीक. आणि ठीक दिसणं हेही उत्तरच आहे. पडण्याच्या नेमक्या क्षणी लय ठीक होती म्हटल्यावर डॉक्टर हृदयाची वीज सोडून रक्तदाब, गोळ्यांची मात्रा, पाणी यांच्याकडे वळतात. बरेच लोक 'इतका खर्च केला आणि काही निघालं नाही' म्हणून नाराज होतात, त्यांना हेच सांगावं लागतं. नानांच्या गोळ्या उन्हाळ्याआधी एकदा डॉक्टरांना मुद्दाम दाखवा, स्वतः कमी-जास्त करू नका. पंगतीतून उठताना पडले, हेही त्यांना पुन्हा ठळक सांगा. भरल्या पोटी, बराच वेळ मांडी घालून बसून एकदम उठणं आणि रात्री मोटरीजवळ उभ्याउभ्या पडणं, या दोन्हींचं कारण एकच असेल असं नाही.

कधीतरी तुमच्या हातात एक रिपोर्ट येईल आणि त्यावर 'पॉझ', म्हणजे ठोक्यांमधला थांबा, असा शब्द असेल. तेव्हा घाबरू नका, हे आत्ताच सांगून ठेवतो. गेल्या पावसाळ्यात भुसावळकडच्या एका मुलीने मला रात्री अकराला व्हॉट्सॲपवर असा कागद पाठवला, खाली रडका आवाज: आईचं हृदय सहा सेकंद बंद पडलं होतं. मी कागद मोठा करून पाहिला. डावीकडून उंच उंच ठोके येत होते, मग हळूहळू बुटके होत गेले, मग यंत्राला दिसेनासे झाले, आणि सहा सेकंदांनी पुन्हा उंच. पण त्या 'बंद' सहा सेकंदांत, रेघेला चिकटून, मुंगीएवढे टोकदार उंचवटे होते आणि त्यांच्यातलं अंतर आधीच्या ठोक्यांइतकंच होतं. हृदय चालूच होतं. बाई कुशीवर वळल्या, यंत्र कातडीखाली जरा कलंडलं, सिग्नल बारीक झाला आणि यंत्राने ठोका नाही असं लिहून टाकलं. खरा थांबा असा हळूहळू बुटका होत येत नाही. पूर्ण उंचीचा ठोका येतो आणि पुढे एकदम सपाट रेघ. तसंच, मधे मधे एखादा ठोका आगाऊ पडणाऱ्यांच्या कागदावर यंत्र 'एट्रियल फिब्रिलेशन' लिहितं आणि ते तसं नसतं. यंत्राने लावलेलं नाव हा अर्ज समजा, शिक्का माणूस मारतो. रिपोर्ट थेट पेशंटला पाठवण्याच्या मी तरी विरोधात आहे. नातेवाईक गुगल करतात आणि रात्रभर जागतात.

आता त्या फटफटीचं. कारण सापडेपर्यंत नानांनी मोटारसायकल चालवायची नाही, ट्रॅक्टर नाही, आणि पुन्हा कधी सुरू करायची ते डॉक्टर सांगतील. विहिरीच्या काठावर एकट्याने जायचं नाही, तापीत पोहायला उतरायचं नाही, शिडीवर, माळ्यावर चढायचं नाही, चालू कडबाकुट्टीजवळ उभं राहायचं नाही. संडास-बाथरूमला आतून कडी लावायची नाही. रात्रीच्या मोटरीचं मला सगळ्यात जास्त वाटतं, कारण शेतीची लाईट रात्रपाळीची असली की आपला माणूस अंधारात, झोपेतून उठून, ओल्या जमिनीवर, थ्री-फेजच्या पेटीसमोर एकटा उभा असतो. तुमचे नाना पहिल्यांदा तिथेच पडले. मोबाईलवरून चालू-बंद होणारा स्टार्टर बसवून घ्या. यंत्राच्या खर्चापुढे तो काहीच नाही. हे त्यांना पटवणं अवघड जाईल. तरणाताठा राबलेला माणूस मागच्या सीटवर बसायला तयार होत नाही. मी एका काकांना म्हटलं होतं, 'तुम्ही पडाल ते तुमचं, पण मागे नातू बसलेला असतो.' तेवढं त्यांना लागलं. तुमच्याकडे काय लागू पडेल ते तुम्हाला माहीत.

वणीचं विचारलंत. यंत्राची हरकत नाही. सप्तशृंगीला चैत्रात खान्देशातून एवढे लोक पायी जातात, यंत्र काही गडाची पायरी अडवणार नाही. अडचण डांबराच्या तापलेल्या रस्त्याची, अर्धपोटी चालण्याची आणि दोनदा कारण न कळता पडलेल्या माणसाची आहे. या वर्षी गाडीने जावं असं माझं मत, डॉक्टरांनी परवानगी दिली तर गोष्ट वेगळी. कानबाईच्या रोटांना, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), असल्या घरच्या सणांना काही बंधन नाही.

वाट किती बघायची हे कुणी सांगू शकत नाही. काही पेशंट आठवड्यात पुन्हा पडतात आणि उत्तर मिळतं, काहींचं वर्ष जातं, काही परत पडतच नाहीत. महिनोन्‌महिने काही झालं नाही की घरच्यांचा मॉनिटर कपाटात जातो आणि बटण हरवतं, आणि नेमकं तेव्हा ते लागतं. बॅटरी संपली की तसाच छोटा काप घेऊन यंत्र काढतात. कारण आधीच सापडलं तर आधीच काढता येतं. आणखी एक बोलायला नको वाटतं, पण घरच्या एकाला तरी ठाऊक असावं: यंत्र छातीत असताना कुणाचं काही बरंवाईट झालं तर अग्नी देण्याआधी ते काढायला दवाखान्याला सांगावं लागतं, आत लिथियमची बॅटरी असते.

पुढच्या तपासणीला येताना कार्ड, वही, बटण, आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं आणा. चिठ्ठी नको, पाकिटंच, कारण चिठ्ठीवर लिहिलेलं आणि पोटात जाणारं यांत फरक निघतो. आईंना सोबत आणा. नाना 'काही नाही, बरं आहे' म्हणतील. त्या खरं सांगतील. आणि येताना नानांना फटफटीच्या मागच्या सीटवर बसवूनही नको, एसटीने किंवा चारचाकीने आणा.